उद्योगाची रचना आणि माणसाची प्रतिष्ठा

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आजच्या विषयाकडे वळतो. आपल्या मेळाव्यांतून धम्म, संविधान, साहित्य आणि चळवळ या विषयांवर नेहमीच विचारमंथन होते व ते झालेही पाहिजे. आज मात्र आम्ही वरवर रुक्ष वाटणारा एक विषय निवडला आहे. उद्योग कसा रचावा, तो कसा चालवावा आणि बिघडला तर कसा सुधारावा, हा तो विषय होय.

हा विषय निवडण्यास कारण आहे. आपल्या आईवडिलांच्या आणि आजोबांच्या पिढ्यांनी गिरणीत, रेल्वेत, गोदीत, नगरपालिकेत इतरांच्या हुकमाखाली आयुष्य काढले. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या हाताखाली पाच-पंचवीस माणसे काम करतात. कोणी अभियंत्यांच्या गटाचा प्रमुख आहे, कोणी रुग्णालयातील एका विभागाची जबाबदारी सांभाळते, कोणी स्वतःची लहानशी कंपनी काढली आहे. हुकूम ऐकणाऱ्यांची मुले हुकूम देण्याच्या खुर्चीवर आली, ही बाबासाहेबांच्या चळवळीची फलश्रुती आहे. परंतु त्या खुर्चीवर बसून आपण काय करणार, हा प्रश्न शिल्लकच राहतो. ज्या उतरंडीखाली आपल्या पिढ्या दडपल्या गेल्या तीच उतरंड नव्या नावाने आपण चालविणार, की कामाची वेगळी रचना करून दाखविणार? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस कॅलिफोर्नियातील एका कारखान्याचा इतिहास फार बोलका वाटतो. प्रथम तोच आपणांसमोर ठेवतो.

फ्रीमाँटचा धडा

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी फ्रीमाँट नावाचे शहर आहे. आज तेथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. या शहरात जनरल मोटर्स कंपनीचा मोटारी जुळविण्याचा कारखाना १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला आणि १९८२ साली बंद पडला. बंद पडण्यापूर्वी त्याची अपकीर्ती अशी होती, की कंपनीच्या सर्वांत वाईट कारखान्यांत त्याची गणना होई. रोजची गैरहजेरी शेकडा २० च्या घरात जाई. तक्रार अर्जांचा ढीग पडलेला असे. युनियनला न विचारता अचानक संप होत. व्यवस्थापन म्हणे, कामगार आळशी व बेशिस्त आहेत. कामगार म्हणत, आम्हांला येथे माणूस म्हणून कोणी ओळखत नाही.

१९८४ साली हाच कारखाना पुन्हा उघडला. जनरल मोटर्स आणि जपानची टोयोटा कंपनी यांनी मिळून न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग नावाची भागीदारी कंपनी स्थापन केली. ती ‘नुमी’ या छोट्या नावाने ओळखली जाऊ लागली. रोजचे व्यवस्थापन टोयोटाकडे होते. आता ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की नव्या कंपनीने घेतलेल्या कामगारांपैकी शेकडा ८० हून अधिक कामगार त्याच जुन्या कारखान्यातील होते. युनियनही तीच, युनायटेड ऑटो वर्कर्स. तिचे स्थानिक पुढारीही बहुतांशी तेच. इमारत तीच होती. आणि तरीही दोन वर्षांच्या आत या कारखान्याची उत्पादकता जुन्या कारखान्याच्या सुमारे दुप्पट झाली, गैरहजेरी शेकडा तीन-चारवर आली आणि मोटारींचा दर्जा जपानमधील कारखान्यांच्या जवळपास पोचला.

माणसे तीच राहिली आणि फळ बदलले. मग दोष कोठे होता? तो माणसांच्या रक्तात नव्हता, वंशात नव्हता, स्वभावातही नव्हता. तो कामाच्या रचनेत होता. ज्या समाजाला हजारो वर्षे ‘तुमच्यात गुणच नाहीत’ असे ऐकविले गेले, त्या समाजातील माणसाने हा धडा काळजावर कोरून ठेवावा, असे आम्हांस वाटते.

रचनेत काय बदलले?

हा बदल कसा घडला, हे जरा तपशिलाने पाहिले पाहिजे. कारण ‘माणसांना मान द्यावा’ एवढे बोलून कारखाना चालत नाही. त्या मानाला रोजच्या कामात जागा करून द्यावी लागते.

पहिली गोष्ट साखळी थांबविण्याच्या अधिकाराची. मोटारींची जुळणी सरकत्या साखळीवर होते. जुन्या कारखान्यात साखळी थांबविणे हा जणू गुन्हाच समजला जाई. पुढून सदोष गाडी येत असली तरी ती तशीच पुढे सरकू द्यायची आणि नंतर आवारात उभी करून दुरुस्त करायची, असा शिरस्ता होता. नव्या व्यवस्थेत प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी टांगलेली होती. काही चुकते आहे असे दिसले की त्याने ती ओढावी. गटाचा प्रमुख धावत येई आणि ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर साखळी थांबे. दोरी ओढणाऱ्याला जाब विचारला जात नसे, त्याचे आभार मानले जात. सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाला सगळा कारखाना थांबविण्याचा अधिकार मिळाला, आणि कारखाना बुडण्याऐवजी सुधारला!

दुसरी गोष्ट कामाच्या पद्धतीची. १९११ साली अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर यांनी शास्त्रीय व्यवस्थापनाचे तत्त्व मांडले. विचार करणे हे कचेरीतील तज्ज्ञाचे काम आणि त्याने ठरविल्याप्रमाणे हात चालविणे हे कामगाराचे काम, अशी त्यांची विभागणी होती. जुन्या कारखान्यात हाच प्रकार होता. तज्ज्ञ घड्याळ घेऊन येत, वेळ मोजत, आणि कामगार त्यांना फसविण्याची युक्ती शोधीत. नव्या व्यवस्थेत ते घड्याळ कामगारांच्याच हाती दिले गेले. पाच-सात जणांचा गट स्वतः काम करून पाहून त्याची उत्तम पद्धत ठरवी, ती कागदावर लिहून काढी, आणि आणखी चांगली पद्धत सापडली की कागद बदली. १९९१ या एकाच वर्षात कामगारांनी दहा हजारांहून अधिक सूचना केल्या आणि त्यांपैकी शेकडा ८० हून अधिक अमलात आल्या. सूचनापेटी तर पुष्कळ कचेऱ्यांत असते. पेटी उघडून उत्तर देण्याची व्यवस्था मात्र क्वचितच असते.

तिसरी गोष्ट दर्जाच्या भिंतींची. जुन्या कारखान्यात कामाच्या डझनावारी वर्गवाऱ्या होत्या आणि एका वर्गाच्या माणसाने दुसऱ्या वर्गाच्या कामास हात लावू नये, असा दंडक होता. नव्या व्यवस्थेत त्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. प्रत्येक जण गटातील इतरांची कामे शिकू लागला. अधिकाऱ्यांची वेगळी भोजनगृहे आणि गाड्या लावण्याच्या राखीव जागाही गेल्या.

चौथी गोष्ट भयमुक्तीची. सुधारणा सुचविली आणि त्यामुळे आपलीच नोकरी गेली, असे होणार असेल तर कोण सूचना करील? म्हणून युनियनशी झालेल्या करारात असे कलम होते, की कंपनीच्या अस्तित्वावरच संकट आल्याखेरीज कामगारकपात होणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी अधिकाऱ्यांच्या वेतनाला कात्री लागेल. पुढे १९८७-८८ च्या सुमारास गाड्यांचा खप घसरला आणि कारखाना अर्ध्याअधिक क्षमतेवर कसाबसा चालू लागला, तेव्हा हे वचन पाळले गेले. रिकाम्या कामगारांना घरी न पाठविता प्रशिक्षण व सुधारणेच्या कामास लावले गेले.

या कारखान्याचे आंधळे गुणगान आम्ही करीत नाही. तेथील कामाचा वेग कठोर होता आणि ही तर माणसाला ताणून ठेवण्याचीच कला आहे, अशी टीका कामगार चळवळीतूनच झाली. नव्या नमुन्याच्या गाड्या सुरू करताना हातापाठीच्या दुखापती वाढल्या, तेव्हा १९९३ साली राज्याच्या सुरक्षा खात्याने कंपनीवर ठपका ठेवला. जनरल मोटर्सला हा धडा आपल्या इतर कारखान्यांत लवकर नेता आला नाही. २००९ साली दिवाळखोरीत सापडल्यावर ती या भागीदारीतून बाहेर पडली आणि एप्रिल २०१० मध्ये नुमी बंद झाली. ती जागा नंतर टेस्ला कंपनीने घेतली. अर्थात, चांगली रचना एकदा बसविली की ती आपोआप टिकते असे नाही. तिला वरच्या पायरीवरच्या माणसांची राजीखुशी लागते, आणि खालच्या माणसांचे पाठबळही लागते.

बाबासाहेबांचे निदान

फ्रीमाँटला १९८४ साली जे दिसून आले, त्याचे मूळ निदान बाबासाहेबांनी १९३६ साली करून ठेवले होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या पण न झालेल्या भाषणात त्यांनी जातिव्यवस्थेच्या समर्थकांचा तो प्रसिद्ध युक्तिवाद तपासला, की जात म्हणजे केवळ श्रमविभागणी होय. त्यावर त्यांनी दाखवून दिले, की ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेल्या पायऱ्यांची. माणसाचा कल व क्षमता न पाहता जन्माने काम ठरविले, तर कामात मन लागत नाही. एका धंद्यातून दुसऱ्यात जाण्याची मोकळीक नसली, तर उद्योगधंद्यांत उलथापालथ होताच बेकारी वाढते. म्हणजे जातिव्यवस्था ही अन्यायाची तर आहेच, पण ती अकार्यक्षमतेचीही व्यवस्था आहे. उद्योगाच्या व्यवस्थापनाविषयी याहून मूलगामी विचार आम्हांस क्वचितच आढळला आहे.

हा विचार केवळ पुस्तकी नव्हता. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात अधिक मजुरी मिळे, परंतु अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात प्रवेश नसे. धोट्यातील कांडीचा धागा संपला की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा सवर्ण कामगारास चालत नसे. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. गिरणीच्या दृष्टीने पाहा. उत्तम विणकर होऊ शकणारे हजारो हात केवळ जन्मामुळे कमी मजुरीच्या खात्यांत अडकून पडले. त्यात कामगाराचे नुकसान झाले आणि गिरणीचेही झाले. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे सांगितले, त्यामागे हाच अनुभव होता.

आणखी एक कमी वाचला जाणारा लेख येथे आठवतो. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. शेत लहान आहे म्हणून तोट्यात आहे, असे तेव्हाचे पंडित म्हणत. बाबासाहेबांनी दाखविले, की शेत लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही. जमीन, भांडवल, अवजारे आणि श्रम यांचे प्रमाण बरोबर आहे की नाही, यावरून ते ठरते. ही कसोटी कोणत्याही उद्योगाला लागू पडते. आपला व्यवसाय लहान आहे याचे दुःख करण्याऐवजी त्यातील कोणता घटक कमी पडतो, हे आधी शोधले पाहिजे.

मालकी आणि कारभार

घटकांच्या या प्रमाणाचे एक उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. कुर्ल्यातील कामानी ट्यूब्ज हा तांब्या-पितळेच्या नळ्या बनविणारा कारखाना मालक कुटुंबातील भांडणे आणि थकलेली देणी यांमुळे १९८५ साली बंद पडला. तेथील कामगारांनी हार मानली नाही. त्यांनी न्यायालयात धाव घेतली, कारखाना आम्ही चालवू असे सांगितले, आणि १९८८ साली आजारी उद्योगांच्या पुनर्रचना मंडळाने मंजूर केलेल्या योजनेनुसार कारखान्याची मालकी कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. कामगारांनी आपल्या भविष्यनिर्वाह निधीतील पैसा त्यात घातला. भारताच्या कामगार इतिहासातील ते एक तेजस्वी पान होते.

परंतु मालकी मिळणे आणि कारभार चालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. काही वर्षे बरी गेल्यावर कारखाना पुन्हा अडचणीत आला. तांबे महाग धातू आहे. कच्चा माल आज रोखीने घ्यावा लागतो आणि विकलेल्या मालाचे पैसे महिन्या-दोन महिन्यांनी येतात. मधला काळ तरून जाण्यास खेळते भांडवल लागते, आणि तेच अपुरे होते. त्यात निर्णय कोणी घ्यायचा याचे वाद भर घालू लागले. कारखाना पुन्हा आजारी पडला आणि अखेर बंद झाला.

अंगुत्तरनिकायात तथागतांनी यशस्वी दुकानदाराची तीन लक्षणे सांगितली आहेत. तो डोळस असतो, म्हणजे माल कितीला घेतला, कितीला विकला आणि मागे काय उरेल हे त्याला ठाऊक असते. तो निष्णात असतो, म्हणजे खरेदी-विक्रीचे कसब त्याच्या हाती असते. आणि तो पाठबळ असलेला असतो, म्हणजे हा माणूस परतफेड करील अशा विश्वासाने धनिक गृहस्थ त्याला भांडवल देतात. कामानीच्या कामगारांपाशी कसब होते. तिसरे लक्षण मात्र जुळून आले नाही. आपल्या समाजाच्या उद्योगांची नेमकी दुखरी जागा हीच आहे. आपल्याकडे पिढीजात भांडवल नाही, जामीन राहणारा मामा नाही, उधारीवर माल देणारा जातभाई घाऊक व्यापारी नाही.

पुढे २००० साली कामानीचे कामगार कल्पना सरोज यांच्याकडे गेले. अकोला जिल्ह्यातील रोपरखेडा येथील दलित कुटुंबात जन्मलेल्या, बालपणी लग्न झालेल्या आणि मुंबईत अवघ्या दोन रुपये रोजाने शिवणकामाच्या कारखान्यात राबलेल्या या बाईंसमोर कंपनीचे ११६ कोटी रुपयांचे कर्ज आणि १४० च्या आसपास खटले होते. त्यांनी काय केले? आधी वेगवेगळ्या विषयांतील जाणकारांचा दहा जणांचा गट बसविला. मग कर्जाची फोड केली. मुद्दल किती, व्याज किती आणि दंड किती, हे वेगळे काढल्यावर डोंगराचा बराचसा भाग व्याज व दंडाचा आहे असे दिसून आले, आणि बँकांशी बोलणी करून तो माफ करून घेतला. २००६ साली त्या कंपनीच्या अध्यक्षा झाल्या. कामगारांची थकबाकी फेडण्यासाठी न्यायालयाने तीन वर्षे दिली होती. ती त्यांनी काही महिन्यांतच फेडली. नंतर कारखाना वाडा येथे हलविण्यात आला. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या कथेत लोकांना चमत्कार दिसतो. आम्हांस मात्र त्यात हिशेबाची वही दिसते. जे कर्ज एकरकमी पाहिले तर छाती दडपते, ते ओळीओळीने लिहून काढले की त्याच्याशी झुंजता येते.

आता भारतात दारे थोडी किलकिली झाली आहेत. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांच्या पुढाकाराने दलित उद्योजकांचे चेंबर स्थापन झाले. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी शेकडा ४ खरेदी राखून ठेवली गेली. परंतु राखीव खरेदीसुद्धा त्यालाच मिळते, जो वेळेवर, ठरल्या दर्जाचा माल देऊ शकतो. दार उघडण्याचे काम राज्यसंस्था करील. आत गेल्यावरचा कारभार मात्र आपणांसच सांभाळावा लागेल.

संघाचा कारभार

येथे कोणी म्हणेल, की ही व्यवस्थापनाची विद्या तर पश्चिमेची वा जपानची. आपली परंपरा काय? टोयोटाची पद्धत बौद्ध धम्मातून निघाली, असला भाबडा दावा आम्ही करणार नाही. परंतु शेकडो माणसांची, वारसाहक्काशिवाय आणि जन्मजात उच्चनीचतेशिवाय चालणारी संस्था कशी रचावी, याचा सविस्तर विचार आपल्या विनयपिटकात आहे. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या या कार्यपद्धतीचे सविस्तर स्मरण करून दिले होते. ठराव मांडणे, गणसंख्या, मतमोजणी, शलाकांनी गुप्त मतदान हे सारे संघास ठाऊक होते.

त्यातील कारभाराचा भाग पाहा. भांडारप्रमुख, भोजनवाटप करणारा, निवासाची व्यवस्था पाहणारा, नव्या बांधकामावर देखरेख ठेवणारा, असे अधिकारी संघ ठराव करून नेमी. त्यांची पात्रता कोणती? जो पक्षपाताने, द्वेषाने, अज्ञानाने किंवा भयाने वाकडी वाट धरीत नाही, आणि ज्याला आपल्या कामाची नेमकी माहिती आहे. भांडारप्रमुखाला काय सुरक्षित आहे आणि काय नाही, हे ठाऊक असले पाहिजे. सचोटी आणि कामाचे ज्ञान या दोन्ही अटी एकत्र आहेत. केवळ प्रामाणिक माणूस पुरत नाही आणि केवळ हुशार माणूसही पुरत नाही.

याहूनही मोलाची आहे ती प्रवारणा. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खू संघासमोर विनंती करतो, की माझ्या हातून काही दोष घडलेला कोणी पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर मला दाखवून द्यावा, मी तो सुधारीन. आणि ही विनंती सर्वांत ज्येष्ठ भिक्खूपासून सुरू होते! संयुत्तनिकायात तर स्वतः तथागत संघाला असे आवाहन करताना दिसतात. फ्रीमाँटच्या कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर जी दोरी टांगली होती, ती संघात स्वतः शास्त्याने शिष्यांच्या हाती दिली होती, असे आम्ही म्हटले तर ते वावगे ठरू नये.

आपण काय करावे?

आता आपल्या दैनंदिन जीवनाकडे वळू. ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा: माझ्या गटातील सर्वांत कनिष्ठ माणूस भर सभेत ‘हे चुकते आहे’ असे मला सांगू शकतो काय? सांगू शकत नसेल, तर आपल्या डोक्यावरची दोरी कोणीतरी कापली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा नियम केला आणि असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर ठरले. आपल्या तरुणांनी त्यासाठी कष्ट घेतले याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण ज्याने जातीचे चटके सोसले त्याच्या गटात तरी दुसऱ्या कोणाला, मग तो मेक्सिकोचा सफाई कामगार असो वा बिहारचा नवा अभियंता, आपण खालच्या पायरीवरचे आहोत असे वाटता कामा नये.

ज्यांचा स्वतःचा व्यवसाय आहे, त्यांनी तीन वह्या जपाव्यात. पहिली रोकडीची. पुढील तेरा आठवड्यांत पैसा केव्हा येणार आणि केव्हा जाणार, हे तिच्यात लिहिलेले असावे. कारण नफ्यात असलेला धंदासुद्धा रोकड आटल्यामुळे बुडतो. दुसरी जबाबदारीची. कोणते काम कोणाचे आणि त्याच्या गैरहजेरीत कोणाचे, हे तिच्यात असावे. पतिपत्नी मिळून धंदा करीत असतील तर तिच्यात पत्नीचे पद, अधिकार आणि हिस्सा नमूद असावा. नाहीतर राबणारी ती आणि मालक तो, ही आणखी एक उतरंडच होय. तिसरी वही चुकांची. समजा, ग्राहकाकडे बिल महिनाभर उशिरा गेले. का? लिपिकाने पाठविले नाही. का? तिला तासांचा हिशेब मिळाला नव्हता. का? अभियंत्याने तो भरला नाही. का? भरण्याची तारीख कोणी ठरविलीच नव्हती. पहिल्या उत्तरापाशी थांबलो तर आपण लिपिकाला बोल लावून मोकळे झालो असतो. शेवटपर्यंत गेलो म्हणून दोष रचनेत सापडला. टोयोटात पाच वेळा ‘का’ विचारण्याची जी शिस्त आहे तिचे मर्म हेच, आणि कार्यकारणभावाचा शोध घेण्याची शिकवण आपणांस नवी नाही.

मिळालेल्या पैशाचे काय करावे, हेही दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात सांगितले आहे. उत्पन्नाचे चार भाग करावेत, एक स्वतःच्या उपभोगासाठी, दोन व्यवसायात घालण्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. त्याच सुत्तात धन्याने सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, योग्य अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी आणि वेळोवेळी विश्रांती द्यावी, असेही सांगितले आहे. भांडवलाची शिस्त आणि श्रमाची कदर एकाच उपदेशात आलेली आहे.

शेवटी आपल्या संस्थांविषयी. विहार, मंडळे, शिष्यवृत्ती निधी हेही उद्योगच आहेत, फक्त त्यांचा नफा पैशात मोजायचा नसतो. आपल्या संस्था फुटतात तेव्हा आपण पुढाऱ्यांच्या स्वभावाला दोष देतो. स्वभाव कोणाचे बदलणार? नियम बदलता येतात. दर तिमाहीला जमाखर्च सर्व सभासदांना मिळावा. कोणतेही पद दोन मुदतींहून अधिक काळ एकाच व्यक्तीकडे नसावे. कोषाध्यक्षाच्या हाताखाली पुढील कोषाध्यक्ष आधीच तयार होत असावा. आणि वर्षातून एकदा, वर्षावासाच्या समाप्तीला, अध्यक्षांपासून सुरुवात करून कार्यकारिणीने सभासदांसमोर प्रवारणा करावी. ही सूचना आम्ही आजच्या या सभेपुढे औपचारिकपणे मांडीत आहोत.

बंधुभगिनींनो, बाबासाहेबांनी आपणांस शिकण्याचा, संघटित होण्याचा आणि संघर्ष करण्याचा मार्ग दाखविला. त्यांपैकी संघटनेचा अर्थ आपण बहुधा मोर्चा आणि मेळावा एवढाच घेतला. संघटना म्हणजे कामाची न्याय्य रचनासुद्धा होय. कोण काय करील, कोणाला कोण विचारील, चूक कशी उघड होईल, पैसा कोठे जाईल आणि कामातील माणसाचा मान कसा राखला जाईल, या प्रश्नांची उत्तरे आपण आपल्या कचेरीत, आपल्या दुकानात आणि आपल्या विहारात लिहून ठेवली, तर आपली मुले त्यांच्यापुढे काम करून दाखवितील. 

जयभीम! नमो बुद्धाय!